हीलाच्या डोंगरांतील हरिणे आणि शिकारी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा उघडला की नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीला टेकून, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही दोन राज्ये दिसतात. दोन्ही १९१२ साली संघराज्यात दाखल झाली. शाळेच्या भूगोलात या भागावर वाळवंटाचा पिवळा रंग असतो आणि तो चुकीचा नाही. परंतु त्या वाळवंटातून, समुद्रातून बेटे वर यावीत तसे, डोंगर एकाएकी उभे राहतात. पायथ्याशी निवडुंग आणि काटेरी झुडपे; थोडे वर ज्युनिपर आणि खुरटे ओक; अगदी माथ्यावर पाइनची थंडगार राने. मोगोयोन पर्वताचे सर्वांत उंच शिखर ११ हजार फुटांच्या जवळ जाते. याच डोंगरांतून हीला नदी उगम पावते आणि पश्चिमेच्या वाळवंटात उतरते. दऱ्या इतक्या खोल व कडे इतके तुटक की पलीकडच्या उतारावर दिसणाऱ्या झाडाजवळ जाण्यास कधी कधी अर्धा दिवस लागावा.

या डोंगरांत हरिणांच्या दोन जाती राहतात. एकीचे कान खेचरासारखे लांब, म्हणून तिला म्यूल डिअर म्हणतात. दुसरी पांढऱ्या शेपटीची, आपल्या चितळाहूनही लहान. तिचा नर जेमतेम १०० पौंड भरतो. या दुसऱ्या जातीला एलियट काउज या लष्करी डॉक्टराचे नाव मिळाले आहे. हा पक्षिशास्त्रज्ञ गृहस्थ १८६४ साली ॲरिझोनातील फोर्ट व्हिपल येथे आला होता. गमतीची गोष्ट अशी की, आज बहुतेक शिकारी त्या नावाचा उच्चार ‘कूज’ असा करतात. खुद्द त्याच्या घराण्यात तो ‘काउज’ असा होता. तिकडेही मोठा पाऊस जुलैत सुरू होतो आणि या लहान हरिणीची पाडसे नेमकी त्याच सुमारास जन्मतात. कारण आईला हिरवा पाला मिळाला तरच दूध उतरणार. वाळवंटातील प्राण्यांचे पंचांग पाण्यावरच बेतलेले असते.

आपल्याकडील शिकारकथांत हाका असतो, मचाण असते, ढोल वाजविणारी माणसे असतात. हीलाच्या डोंगरांत यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. तेथील शिकार पायांपेक्षा डोळ्यांची आहे. शिकारी पहाटेपूर्वी एखाद्या कण्यावर चढून बसतो आणि उजाडताच समोरचा उतार दुर्बिणीने इंच इंच तपासू लागतो. संपूर्ण हरिण कधीच दिसत नाही. दिसते ती कानाची हालचाल, ओकच्या सावलीतील एक आडवी रेघ किंवा शिंगाच्या टोकावरचा उन्हाचा ठिपका. ऊन चढले की हरिण सावलीत बसते. मग दुपार ढळेपर्यंत थांबणे एवढेच शिकाऱ्याच्या हाती राहते. वाऱ्याचे गणितही पक्के असावे लागते. दिवसा तापलेली हवा दरीतून वर चढते आणि सायंकाळी थंड होऊन खाली उतरते. ज्याला हे ठाऊक नाही त्याचा वास हरिणाला त्याच्याआधीच कळतो.

ही विद्या फार जुनी आहे. हीलाच्या दक्षिणेस मिंब्रेस नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या काठी सुमारे हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या लोकांनी पांढऱ्या मातीच्या लेपावर काळ्या रंगाने चितारलेले वाडगे मागे ठेवले आहेत. त्यांवर मासे, टोळ, ससे, हरिणे आणि शिकारी आहेत. माणूस मेला म्हणजे असा वाडगा मध्ये भोक पाडून त्याच्या तोंडावर पालथा घालीत. ज्या हरिणावर तो जगला त्याचे चित्र डोळ्यांवर घेऊनच काही जण मातीआड झाले असतील. पुढे या डोंगरांत अपाची लोक आले. हरिणाचे सोललेले डोके टोपीसारखे घालून, चरणाऱ्या जनावरासारखी मान हलवीत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने बाणाच्या टप्प्यात पोहोचण्याची कला त्यांनी साधली होती. यात शौर्याचा देखावा नाही. तासन् तास वाकून चालण्याचे कष्ट मात्र आहेत. अशा रीतीने शिकार करणारी वस्ती कितीही भुकेली असली तरी एका डोंगरातील हरिणे संपवू शकत नाही.

संपविण्याचे काम दुसऱ्यांनी केले. १८७० साली या डोंगरांच्या दक्षिण टोकाला चांदी सापडली आणि सिल्व्हर सिटी हे गाव वसले. खाणीत उतरणारी माणसे शेती करीत नाहीत. त्यांना मांस विकत हवे असते. मागोमाग सैन्याची ठाणी, आगगाडी आणि गुरांचे प्रचंड कळप आले. जेरोनिमो १८८६ च्या सप्टेंबरात शरण गेला. त्यानंतर ज्या दऱ्यांत गोरा माणूस एकटा जाण्यास भीत असे त्या दऱ्या गुराख्यांना व बाजारासाठी शिकार करणाऱ्यांना मोकळ्या झाल्या. एल्क या मोठ्या हरिणाची तेथील स्थानिक जात विसाव्या शतकाच्या आरंभी कायमची नाहीशी झाली. लहान हरिणे उरली, ती केवळ अवघड कड्यांच्या आश्रयाने.

अशा वेळी, १९०९ च्या जुलैत, येल विद्यापीठातून वनविद्येची पदवी घेतलेला एक २२ वर्षांचा तरुण ॲरिझोनाच्या अपाची राष्ट्रीय अरण्यात नोकरीवर रुजू झाला. त्याचे नाव आल्डो लिओपोल्ड. जन्म आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे, मिसिसिपी नदीच्या काठचा. बंदूक वडिलांकडून लहानपणीच हाती आलेली. पुढे वन्यजीवांच्या व्यवस्थापनाचे शास्त्र अमेरिकेत ज्यांनी घडविले असे मानले जाते ते हेच गृहस्थ. परंतु त्या वर्षी ते केवळ नव्या घोड्यावर बसलेले एक उत्साही अंमलदार होते.

त्याच सप्टेंबरात एक प्रसंग घडला. लिओपोल्ड आणि त्यांचे सोबती एका कड्यावर बसून दुपारचे जेवण करीत होते. खाली नदीच्या पाण्यातून एक जनावर पोहत येत होते. प्रथम ते हरिण वाटले; काठावर येऊन अंग झटकल्यावर कळले की ती लांडगी आहे. तिची वाढलेली पिल्ले झुडपांतून शेपट्या हलवीत तिला सामोरी आली. त्या काळी लांडगा दिसला आणि गोळी घातली नाही, असे कोणी केल्याचे ऐकिवात नव्हते. कड्यावरून बंदुका रिकाम्या झाल्या. लिओपोल्ड खाली पोहोचले तेव्हा लांडगीच्या डोळ्यांतील हिरवट तेज मालवत होते, असे त्यांनी पुढे लिहिले. पुढे म्हणजे केव्हा? तर तब्बल ३५ वर्षांनी. त्या दिवसांत घरी पाठविलेल्या पत्रात दोन लांडगे मारल्याचा उल्लेख ओझरताच आहे. त्याहून अधिक दुःख त्यांना हरवलेल्या तंबाखूच्या पाइपचे झालेले दिसते. इतिहास वाचताना हे पत्र विसरू नये. माणसाला कोणत्या क्षणी काय समजले हे तो स्वतः सांगतो तेव्हा त्या सांगण्यात मधल्या वर्षांचाही वाटा असतो.

कारण पुढील १०-१५ वर्षे लिओपोल्ड लांडग्यांच्या निर्मूलनाचे खंदे पुरस्कर्ते होते. त्यांचा हिशेब साधा होता. हरिणे कमी आहेत. लांडगे हरिणे खातात. म्हणून लांडगे कमी केले तर हरिणे वाढतील आणि शिकाऱ्यांना स्वर्ग मिळेल. १९१५ पासून त्यांनी न्यू मेक्सिकोच्या गावोगावी शिकाऱ्यांच्या संरक्षण-सभा स्थापन केल्या, बेकायदा शिकारीविरुद्ध लोकमत जागे केले आणि त्यासाठी एक छोटे पत्रकही चालविले. यातील पुष्कळसे काम निःसंशय चांगले होते. परंतु त्याच सभांनी गुरांच्या मालकांशी हातमिळवणी करून हिंस्र श्वापदांविरुद्ध मोहीम मागितली. शेवटचा लांडगा व शेवटचा डोंगरी सिंह मरेपर्यंत काम पुरे झाले असे समजू नये, असे लिओपोल्ड तेव्हा बजावीत असत.

मोहीम सरकारी होती. १९१५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने या कामासाठी सव्वा लाख डॉलर मंजूर केले आणि जैविक पाहणी खात्याने पगारी पारधी नेमले. लोखंडी सापळे, बंदुका आणि विष ही त्यांची साधने. विष बहुधा स्ट्रिक्निन असे. श्रोत्यांपैकी जे कोकणातील वा गोव्यातील आहेत त्यांना हे नाव परके वाटले तरी वस्तू परकी नाही. आपल्या रानांतील काजऱ्याच्या बियांत असलेले विष ते हेच. मेलेल्या गुराच्या मांसात ते पेरून ठेवीत. लांडग्याबरोबर कोल्हे, गिधाडे, पाळीव कुत्री, जे जे खाईल ते ते मरे.

या पारध्यांत बेन लिली नावाचा एक विलक्षण म्हातारा होता. लांब दाढी, पायी भटकंती, शिकारी कुत्र्यांचा कळप, उघड्यावर झोपणे असा त्याचा संसार. हीलाच्या डोंगरांत त्याने कित्येक डोंगरी सिंह व अस्वले मारली. मात्र रविवारी तो हत्याराला हात लावीत नसे. शनिवारी रात्री कुत्र्यांनी सिंहाला झाडावर चढविले तरी सोमवार उजाडेपर्यंत तो त्या झाडाखाली नुसता बसून राही, असे त्याच्याविषयी सांगतात. सब्बाथाचा असा मान राखणारा माणूस उरलेल्या सहा दिवसांत डोंगर रिकामा करीत होता, आणि त्यात काही विसंगती आहे असे त्यालाच नव्हे, त्या काळी कोणालाच वाटले नाही. १९३६ च्या डिसेंबरात लिली वारला. तोवर त्या दोन्ही राज्यांत लांडग्यांची वीण संपल्यातच जमा होती. मेक्सिकोतून चुकून आलेला एखादा भटक्या तेवढा दिसे.

याच मधल्या काळात लिओपोल्ड यांनी दुसरी एक गोष्ट केली, जिच्यामुळे त्यांचे नाव त्या डोंगरांशी कायमचे जोडले गेले. मोटारगाडी सर्वत्र पोहोचू लागली होती. प्रत्येक दरीत रस्ता गेला तर पाठीवर सामान लादलेल्या घोड्या-खेचरांसह १५ दिवस भटकावे आणि रस्ता आडवा येऊ नये, अशी जागा देशात उरणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. १९२२ साली त्यांनी हीलाचे उगमक्षेत्र रस्त्यांपासून मुक्त ठेवण्याची योजना मांडली. ३ जून १९२४ रोजी ती मंजूर झाली. सुमारे साडेसात लाख एकर डोंगर रस्त्याविना राखून ठेवण्याचा हा अमेरिकेतील राष्ट्रीय अरण्यांतला पहिला निर्णय होय; सबंध देशाला लागू होणारा तसा कायदा व्हायला १९६४ साल उजाडावे लागले. आणि हे राखायचे कोणासाठी? मुख्यतः शिकाऱ्यासाठी, पायी वा घोड्यावर जाणाऱ्या, श्रमाने हरिण मिळविणाऱ्या शिकाऱ्यासाठी. त्याच वर्षी लिओपोल्ड यांची बदली दूर उत्तरेस, विस्कॉन्सिनला झाली.

आता डोंगरात लांडगे नव्हते, रस्ते नव्हते आणि हरिणे वाढू लागली. ती वाढतच गेली. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ब्लॅक कॅनियन या भागात हरिणांची इतकी दाटी झाली की त्यांच्या आवडीची माउंटन महॉगनीची झुडपे टकलांसारखी खुरटली. ज्युनिपरसारख्या कडवट झाडांचाही पाला, हरिणाचे तोंड पोहोचेल तितक्या उंचीपर्यंत, कात्रीने कापावा तसा नाहीसा झाला. वाळवंटी डोंगरात झुडूप गेले की मातीही जाते. जुलैचा पहिला लोंढा तिला घेऊन खाली उतरतो. हरिण मारले तर त्याची जागा भरून काढणारे दुसरे दोन-तीन वर्षांत तयार होते. हरिणांनी खाल्लेला डोंगर भरून यायला तितकी दशकेही अपुरी पडतात.

असाच प्रकार ॲरिझोनाच्या उत्तरेस कैबाब पठारावर आधीच झाला होता. १९०६ साली तेथे हरिणांना अभय देऊन श्वापदे मारण्यात आली. १८ वर्षांत हरिणे चार हजारांवरून लाखावर गेली असे पुढे पाठ्यपुस्तकांत छापले गेले. तो आकडा नंतरच्या अभ्यासकांनी फुगवलेला ठरविला आहे. पण हिवाळ्यात हरिणे उपासाने मेली यात संशय नाही. १९२४ च्या डिसेंबरात तेथे एका गृहस्थाने चक्क हाका घालून पाहिला. हजारो हरिणे ग्रँड कॅनियनच्या दरीत उतरवून नदीपार न्यावयाची, अशी योजना. घोडेस्वार आले, घंटा वाजवीत पायी चालणारे नवाहो व पायूट लोक आले, चित्रपट घेणारे आले, कादंबरीकार झेन ग्रे आले, बर्फही आले. हरिणे मात्र हाकेकऱ्यांच्या रांगेतून मागच्या मागे निसटली. पलीकडे एकही पोहोचले नाही.

हीलामध्ये असला तमाशा झाला नाही. तेथे सरकारी उपाय योजला गेला. हरिणे कमी करायची तर शिकारी हवेत, आणि शिकारी हजारोंनी यायचे तर मोटारीचा रस्ता हवा. तेव्हा १९३० च्या आसपास नॉर्थ स्टार नावाची लष्कराची जुनी वाट दुरुस्त करून मोटारींना मोकळी करण्यात आली. ती वाट राखीव अरण्याच्या अगदी मधून गेली आणि त्याचे दोन तुकडे झाले. जो डोंगर शिकाऱ्यासाठी रस्त्यापासून वाचविला, तोच शिकाऱ्यासाठी रस्त्याने कापला. लांडगा फुकट काम करीत होता. त्याच्या जागी पेट्रोल जाळणारा माणूस आणावा लागला. लिओपोल्ड यांनी १९४७ साली लिहिलेल्या, परंतु त्यांच्या हयातीत न छापलेल्या एका प्रस्तावनेत हा सारा घटनाक्रम मांडला असून त्याचा दोष स्वतःच्या पदरी घेतला आहे.

त्यांचे मत पालटण्यास मात्र केवळ हीला पुरे पडले नसते. बिघडलेला डोंगर सर्वत्र पाहिला की तोच स्वाभाविक वाटू लागतो. धडधाकट डोंगर कसा असतो हे कोठेतरी डोळ्यांनी पाहावे लागते. तो त्यांना सरहद्दीपलीकडे दिसला. १९३६ च्या सप्टेंबरात, आणि पुन्हा १९३७ च्या नाताळच्या सुमारास, ते मेक्सिकोच्या चिवावा राज्यातील सिएरा माद्रे पर्वतात, गाविलान नदीच्या काठी, हरिणांच्या शिकारीस गेले. दुसऱ्या खेपेस भाऊ कार्ल आणि मुलगा स्टार्कर बरोबर होते. हातात बंदूक नव्हती, धनुष्य होते. लिओपोल्ड यांच्या घरी धनुर्विद्येचा नादच होता. त्यांची पत्नी एस्टेला विस्कॉन्सिन राज्याच्या स्त्रियांच्या स्पर्धेत विजेती ठरलेली.

गाविलानचे खोरे जवळपास हीलाच्याच उंचीचे, त्याच ओक-ज्युनिपरांचे, तितकेच कोरडे. पण नदीचे पाणी स्वच्छ, काठ गवताने बांधलेले. हरिणे भरपूर, आणि तरीही झुडपे शाबूत. लांडगे होते, डोंगरी सिंह होते. हरिणे त्यांना पुरून उरत होती. प्राचीन रहिवाशांनी ओढ्या-नाल्यांत रचलेले दगडी बांध अजून माती धरून होते आणि त्यांमागे साचलेल्या सपाट तुकड्यांवर हरिणे चरत होती. हे खोरे एवढे टिकले कसे? लिओपोल्ड यांचे उत्तर चमत्कारिक पण पटण्याजोगे आहे. प्रथम अपाची लोकांच्या भीतीने आणि पुढे क्रांतीच्या धामधुमीतील टोळ्यांच्या भीतीने तेथे वस्ती वाढली नाही, गुरे शिरली नाहीत. ज्यांना शत्रू म्हणून हुसकावले त्यांच्याच धाकाने डोंगर राखला गेला होता. १९३७ च्या मार्चमध्ये त्यांनी हे अमेरिकेतील एका वनविषयक मासिकात लिहिले.

तरीही स्वतःच्या हातची गोळी लिहून काढण्यास आणखी सात वर्षे गेली. त्यांचा माजी विद्यार्थी आणि चित्रकार अल्बर्ट हॉकबाउम त्यांचे निबंध वाचीत असे. त्याने १९४४ साली गुरूला स्पष्ट लिहिले की, लांडग्यांच्या नाशाविषयी तुम्ही दुःख करता, पण त्या नाशात तुमचाही हात होता हे लेखनात येत नाही. शिष्याचे हे पत्र गुरूने मनाला लावून घेतले, पण रागाने नव्हे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कड्यावरच्या त्या दुपारचा निबंध लिहून झाला. जे शिष्याने मागितले ते देणारे गुरू थोडेच असतात.

या सुमारास विस्कॉन्सिनमध्ये ते हरिणांच्या संख्येवरून लोकक्षोभाला तोंड देत होते. माद्याही मारू द्याव्यात, नाहीतर राने खलास होतील, असे ते तेथील संरक्षण मंडळात सांगत. वृत्तपत्रे त्यांना हरिणांचे मारेकरी म्हणत. हीलामध्ये जे पाहिले ते उत्तरेच्या बर्फात कोणास पटवावे? १४ एप्रिल १९४८ रोजी ऑक्सफर्ड प्रकाशनाने त्यांचे निबंध छापण्याचे कबूल केले. २१ एप्रिलला शेजाऱ्याच्या शेतावर लागलेली गवताची आग विझवीत असता हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. पुस्तक १९४९ साली निघाले.

१९४८ च्याच उन्हाळ्यात स्टार्कर लिओपोल्ड पुन्हा गाविलानला गेले. लाकूडतोडीचे रस्ते खोऱ्यात उतरले होते. वडिलांनी पाहिलेली नदी आता तशी राहणार नाही हे ओळखून त्यांनी तिला निरोप देणारा लेख लिहिला. १९५० नंतर अमेरिकेच्या साहाय्याने मेक्सिकोतही विषप्रयोग सुरू झाला आणि लांडग्यांचा उरलासुरला आसरा गेला. १९७६ साली अमेरिकन कायद्याने मेक्सिकन लांडग्याला संरक्षण दिले, तेव्हा संरक्षण देण्याजोगे फारच थोडे शिल्लक होते. १९७७ ते १९८० या काळात रॉय मॅकब्राइड या पारध्याने मेक्सिकोत पाच लांडगे जिवंत धरले. पूर्वी तोच ते मारीत असे. हे काही आणि आधीपासून पिंजऱ्यात असलेले काही, अशा अवघ्या सात लांडग्यांपासून पुढची सारी संतती वाढविण्यात आली. १९९८ च्या मार्चमध्ये ११ लांडगे मोकळे सोडले गेले, ते ॲरिझोनाच्या त्याच अपाची राष्ट्रीय अरण्यात, जेथे १९०९ साली कड्यावरून गोळ्या सुटल्या होत्या. २०२४ च्या अखेरच्या गणतीत त्या दोन राज्यांत किमान २८६ लांडगे आढळले. गुरांचे मालक आजही तक्रार करतात, शिकाऱ्यांत दोन तट आहेत, आणि दरवर्षी काही लांडगे चोरून मारले जातात.

नॉर्थ स्टारचा रस्ता अजून आहे. तो कच्चाच ठेवलेला आहे. त्याच्या पश्चिमेला हीलाचे राखीव अरण्य. पूर्वेला तुटून पडलेल्या भागाला १९८० साली आल्डो लिओपोल्ड यांचे नाव देण्यात आले. शिकारीच्या मोसमात त्या रस्त्याच्या कडेला मोटारी उभ्या राहतात आणि माणसे पहाटेच्या अंधारात दुर्बिणी गळ्यात अडकवून दोन्ही बाजूंच्या कण्यांवर चढू लागतात.